नदीत सोडलेली पानं

"मग घालू ना, महाराज? उद्या सकाळी घालू?"

विसाजी वैद्याने पुन्हा विचारलं. सोमगिरी महाराज मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. समोरचा माणूस घाईत असला की महाराज मुद्दाम सावकाश सोलत.

विसाजीच्या हातात तेलाची वाटी होती. पाल्यात उकळून काढलेलं काळसर तेल. ते गरम करून त्याच्या मुलीच्या, गोदीच्या कानांत घालायचं होतं.

गोदीला ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. त्याआधी या पोरीची टकळी दिवसभर चालायची. विसाजी कुणाची नाडी बघत असला तरी मध्येच हाक यायची, "बाबा, बघा ना!" आता स्वतःचा आवाजही तिला नीट ऐकू येईना, म्हणून बोलणं सुटत चाललं होतं. घरातली शांतता विसाजीला खायला उठायची.

"तिला काहीच ऐकू येत नाही?" महाराजांनी विचारलं.

"उजव्या बाजूला ताट पडलं तर वळते. तेवढंच."

"आणि हे तेल कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी." विसाजीच्या आवाजात ताठा आला. "लोक एक पोथी वाचतात आणि वैद्य म्हणून मिरवतात. मी या नदीकाठच्या एकूण एक वैद्यघराची पोथी वाचली. एकही सोडली नाही. सगळीकडे हेच तेल. रोगी बरा झाला, बरा झाला, बरा झाला. दुसरी गोष्टच नाही."

"शब्दही तेच?"

"तेच. सगळे एकमुखाने सांगतात."

"सगळे सांगतात, की एकानं सांगितलं आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं?"

विसाजीने वाटी दुसऱ्या हातात घेतली.

"बरं," महाराज म्हणाले. "रोगी बरा नाही झाला, तर पोथीत काय लिहितात?"

"ते पान ठेवत नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे, महाराज."

सगळ्या काठाला ठाऊक होतं. उपचार सुरू केला की वैद्याने एक पान लिहायला घ्यायचं. रोगी उठून बसला की पान पोथीत जायचं. नाही उठला, तर पानावर फूल ठेवून ते नदीत सोडायचं. अपयशाची सावली पोथीवर नको. हे पिढ्यान् पिढ्या मोठ्या भक्तिभावाने चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. विसाजीनेही वडिलांच्या हातची पानं लहानपणी नदीत सोडली होती.

महाराजांनी शेंगा बाजूला सारल्या.

"मग तू वाचलंस ते काय?"

"पोथ्या."

"सगळ्या?"

विसाजीने वाटीतल्या तेलाकडे पाहिलं.

"उरलेल्या," तो म्हणाला.

महाराज तिथेच ओसरीवर आडवे झाले. हात उशाला घेतला, एक कान वर केला.

"घाल."

"महाराज?"

"आधी माझ्या कानात घाल. गरम असतं तसंच घाल. सगळ्यांनी सांगितलंय ना?"

"तुमचे कान चांगले आहेत, महाराज."

"चांगल्या कानाला काही होत नसेल ना?"

विसाजीने वाटी झटकन मागे घेतली. तेल वाटीच्या कडेवरून त्याच्या बोटांवर आलं.

"...माहीत नाही."

"कुणाला माहीत असेल?"

महाराज तसेच पडून राहिले.

"ज्यांच्या कानांत घातलं, त्यांना."

महाराज उठून बसले. "मग जा. जिथं जिथं हे तेल गेलं, त्या प्रत्येक घरात जा. सगळीकडे एकच प्रश्न विचार, पुढं काय झालं? उत्तर आवडलं नाही म्हणून प्रश्न बदलू नकोस. जिथं चहापाणी होईल तिथं थोडं बस. जिथं दार लावून घेतील तिथं जास्त बस."

"त्यात हिवाळा सरेल हो!" विसाजी म्हणाला. "मला तिची हाक ऐकायचीय, महाराज. दुसरं काही नको. झोपेतसुद्धा मला ती ऐकू येते. मी दचकून उठतो, तर पोर शांत झोपलेली असते."

"हवं तेच ऐकू येतंय तुला. म्हणून तर तुझ्या पोथ्या वाचण्यावर माझा भरवसा नाही."

विसाजी रागाने उठला. पण तेल मात्र त्याने वाटेत सांडून टाकलं.

तो परत आला तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. पायाला भेगा पडल्या होत्या आणि बोलण्यातला ताठा गेला होता. तो ओसरीच्या पायरीवरच बसला.

"विचारलंस?"

"विचारलं. काही बरे झाले होते, महाराज. पोथ्या खोटं बोलत नव्हत्या. पण त्यांच्या कानांत मळ साठला होता. तेलानं मळ सुटला आणि कान मोकळे झाले."

"आणि ज्यांचे कान तापानं गेले, ते?"

"एकही नाही. ज्यांना थोडंफार ऐकू येत होतं, त्यांचं तेही गेलं."

विसाजीने भेगाळलेला पाय चोळला.

"वरच्या अंगाच्या एका वाडीत म्हातारी भेटली. पहिल्या दिवशी तिनं दारच लावून घेतलं. मी बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी बोलली. म्हणाली, 'माझ्या लेकीच्या कानात घातलं त्याल. रातभर वरडली पोर. हुतं न्हवतं त्ये बी गेलं. तुमच्याच वडलांनी घातलं हुतं, वैद्यबुवा.' मी म्हटलं, आजी, हे कुणाला सांगितलं का नाहीत? तर म्हणाली..."

विसाजीने तोंडावरून हात फिरवला.

"म्हणाली, 'इचारलं कुनी?'"

नदीवरून वारा आला आणि शेंगांची टरफलं ओसरीभर उडाली. ती गोळा करायला कुणी उठलं नाही.

"म्हणजे औषध नाही," महाराज म्हणाले.

"कुणाकडेच नाही. एका घरी मात्र वेगळं पाहिलं. मुलगा तापात बहिरा झालेला, पण चार शब्द अजून बोलतो. त्याची आई त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी बसायची, त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवायची आणि गात राहायची. रोज. तिला वाटत होतं, ही आपली वेडी माया. तिनं ते कुणा वैद्याला सांगितलंही नाही. त्या एकाच घरी, महाराज. बाकी कुठंच नाही."

"एकच घर?"

"एकच. त्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण तसं दुसऱ्या कुणी करूनच बघितलेलं नाही."

महाराजांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. मग आपल्या चटईवर सरकून त्यांनी त्याला शेजारी जागा करून दिली.

विसाजी अवघडून बसला.

"आजपासून मी तसं करणार आहे. गोदीच्या उजव्या बाजूला बसणार. मला गाता येत नाही, पण गाणार."

"गा."

"महाराज, ती मला पुन्हा बाबा म्हणेल का?"

महाराजांनी नदीकडे पाहिलं.

"पान लिहायला घे," ते म्हणाले. "रोज काय केलंस आणि काय झालं."

"आणि ती नाहीच म्हणाली, तर?"

"तरी लिही."