वस्ती उठवायची, म्हणजे...

खूप जुनी गोष्ट आहे. त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथल्या राजवाड्याच्या खिडकीत एक साळुंकी बसली होती. दुसऱ्यांच्या घरातलं ऐकायची तिला भारी हौस. हौस वाईट नव्हे हो. आत बोलतात ते बाहेर कुणाला तरी कळायला नको का?

आत प्रधान राजाला सांगत होता, “महाराज, दरवर्षी पूर येतो, माणसं दगावतात. आता नदीकाठची वस्ती उठवायची, म्हणजे...”

तेवढ्यात दासीनं खिडकीत फडकं झटकलं आणि साळुंकी भुर्रकन उडाली.

ती थेट काठावरच्या म्हाताऱ्या कुंभारणीच्या दारात उतरली. सगळे तिला मावशी म्हणत.

“मावशे, ऐकलंस का? राजा वस्ती उठवणार म्हणे!”

“उठवून नेणार कुठं?”

“तेवढं नाही बाई ऐकलं.”

मावशीच्या हातातलं मडकं चाकावरच बसलं. तिचा एकुलता लेक नावेतून दूरदेशी गेला होता. जाताना म्हणाला होता, “आई, परत आलो की काठावरून हाक मारीन. तू ओ दे.” आता दारच हललं, तर तो हाक कुणाला मारणार?

मातीच्या हातांनीच ती दरबारात गेली. साळुंकीही मागोमाग; तिला उरलेलं ऐकायचं होतं.

मावशीनं लेकाची गोष्ट सांगितली आणि पदर डोळ्यांना लावला. “महाराज, माझं दार तेवढं हलवू नका.”

प्रधान काही दुष्ट नव्हता. गेल्या पुरात त्यानं स्वतः माणसं ओढून काढली होती. तो हळूच म्हणाला, “मावशी, तुम्हीच वाहून गेलात, तर त्याला ओ कोण देणार?”

“आणि दारच हललं, तर तो हाक कुणाला मारणार?” मावशीनं विचारलं.

राजानं साळुंकीकडे पाहिलं. “काय गं, अर्धंच ऐकून गावभर केलंस?”

“गावभर कुठं, महाराज? एकाच घरी सांगितलं. पुढचं आपोआप गेलं.”

राजाला हसू आलं. “प्रधानजी, तुमचं पुढचं वाक्य काय होतं?”

प्रधान ओशाळला. “पुढचं अजून ठरलंच नव्हतं. वरचा माळ मोकळा आहे, एवढंच पाहिलं होतं.”

“म्हणजे इथंही ते अर्धंच होतं! मावशी, बसा. उरलेलं तुम्ही काठावरच्यांनी आणि आम्ही मिळून पुरं करू.”

मग काठावरची माणसं आली. “माळावर प्यायला पाणी कुठंय?” कुणी विचारलं. कुणी रुसून निघून गेलं, त्याला समजावून परत आणलं. शेवटी ठरलं: माळावर विहीर खोदायची, छपरं घालायची, आणि पावसाळ्यात तिथं नगारा ठेवायचा. पाणी चढू लागलं की नगारा वाजवून सगळ्यांना उठवायचं. पूर ओसरला की ज्यानं त्यानं आपल्या घरी जायचं. अगदी खालची आळी मात्र कायमची वर न्यायची. तिथं राहणं जिवावरचंच होतं. तिथली माणसं रडली, पण तयार झाली.

मावशीचं एकच मागणं होतं. ते राजानं नगारेवाल्याला स्वतः सांगितलं.

त्या वर्षी नदी एका पहाटे फुगली. नगारा वाजला. माणसं पोरंबाळं, शेळ्या घेऊन माळावर पोचली. मावशीच्या घरात पाणी शिरलं, चाक बुडालं.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावरून कुणीतरी जीव तोडून हाक मारली, “आईऽऽ!”

समोर घर नव्हतं, नुसतं पाणी होतं. पण माळावरून नगारेवाला ओरडला, “ओऽऽ! इकडं वर आहे तुझी आई!”

पाणी उतरल्यावर मायलेकांनी मिळून घरातला गाळ उपसला. साळुंकी कुंपणावर येऊन बसली. “मी म्हटलंच होतं, राजा वस्ती उठवणार!”

“उठवली की गं,” मावशी हसून म्हणाली. “पण आमची तेवढी झोपेतून.”

राज्याचा निर्णय ज्यांच्या दारी जायचा, त्यांना विचारल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही.