लाडू सरळ की वाकडा?

राजा चंडसेन आणि राणी मृणाळवती यांच्यात लाडवावरून जुंपली आणि त्यात चवरीवाल्या साळूची नोकरी जायची वेळ आली.

झालं ते असं. महाराज रथातून फेरफटका मारत होते. मागे चवरी ढाळत साळू उभी. घोडे एका लयीत दौडत होते. महाराजांनी हातातला डिंकाचा लाडू वर उडवला आणि झेलला. राणीसाहेब सज्ज्यातून बघत होत्या. दुपारी पानावर बसल्यावर त्या सहज म्हणाल्या, "लाडवाने काय सुरेख कमान घेतली हो!"

"कमान?" महाराजांचा घास हातातच राहिला. "लाडू सरळ वर गेला, सरळ खाली आला. माझा लाडू मला ठाऊक नाही?"

"आणि माझे डोळे काय उसने आणलेत?"

झालं, अबोला सुरू. शेवटी वैतागून महाराजांनी साळूला बोलावलं. राणीसाहेबही आल्या आणि पाठ करून बसल्या.

"तू रथात होतीस," महाराज म्हणाले. "लाडू कसा गेला, उद्या सांग. मी खोटा ठरलो तर तुला मी काढून टाकीन."

"मी खोटी ठरले तर मी काढीन," राणीसाहेबांनी भिंतीला सांगितलं.

"आणि दोघंही खरे, असं गुळमुळीत बोललीस तर दोघं मिळून काढू," महाराजांनी बजावलं.

एवढ्या एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं.

साळू घरी आली ती रडवेली होऊन. तिला स्वतःला लाडू सरळच दिसला होता. पण राणीसाहेब तरी खोटं का बोलतील? तिने नवऱ्याच्या, रानबाच्या हातात कांदा दिला.

"हा वर उडवत अंगणातून पळा बघू."

"आत्ता? अगं, भूक लागलीय."

"पळा म्हणते ना."

रानबा पळाला. कांदा उडाला, हातात पडला. साळूला लख्ख कमान दिसली.

"कसा गेला हो कांदा?"

"सरळ वर, सरळ खाली. आता वाढतेस का?"

साळू इतकी खूश झाली की तिने त्याला दोनदा वाढलं.

सकाळी ती म्हणाली, "महाराज, आज राणीसाहेबांना रथात बसू द्या. आपण सज्ज्यात उभं राहावं."

रथ दौडला. राणीसाहेबांनी लाडू उडवला आणि झेलला. महाराज धापा टाकत खाली आले. "वा! काय झकास कमान घेतली!"

"कमान कुठली? चांगला सरळ वर गेला आणि सरळ..." राणीसाहेब थांबल्या. महाराजांचं तोंड उघडंच राहिलं.

"लाडू एक आणि वाटा दोन?" ते पुटपुटले.

"रथातला माणूस लाडवाच्या बरोबरीनेच पुढे जात असतो, महाराज," साळू म्हणाली. "म्हणून त्याला नुसतं वर-खाली दिसतं. बाहेरच्याला पुढे जाणंही दिसतं, त्याची होते कमान."

महाराजांनी डोळे बारीक केले. "म्हणजे दोघंही खरे, असंच म्हणतेस ना? शर्त आठवते?"

"मी कुठे म्हटलं? काल राणीसाहेब जे म्हणाल्या ते आज आपण म्हणालात, आणि आपलं म्हणणं राणीसाहेबांनी म्हटलं. काढायचंच असेल तर दोघांनी एकमेकांना काढावं."

महाराज इतके हसले की मुकुट घरंगळून घोड्याच्या पायाशी गेला. राणीसाहेबांना तर ठसका लागला. साळूला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या आणि माहेरी जायला तोच रथ. रानबाही सोबत होता. पण वाटेत त्याने काहीही वर उडवायला साफ नकार दिला.