म्हातारी कोल्हीण माहेरी निघाली

मुलांनो, कोल्हा लबाड असतो हे तुम्हाला कुणीतरी सांगितलेच असेल. सांगणाऱ्याची चूक नाही. नदीकाठच्या एका दाट रानात जो कोल्हा राहत होता, तोही लबाडच होता. अस्वलाचे कौतुक करून करून त्याचा मध चाटावा, वानरांची आपसात भांडणे लावून खाली पडलेली बोरे गोळा करावीत, सशाला "चल, कोवळं गवत दाखवतो" म्हणत आडबाजूला न्यावे, असे त्याचे उद्योग. रानाने त्याच्यावर विश्वास ठेवणे केव्हाच सोडून दिले होते, आणि त्यालाही त्याचे काही वाटत नव्हते.

पण लबाडालाही आई असतेच. या कोल्ह्याची आई फार म्हातारी झाली होती आणि तिचे मन ठिकाणावर राहत नसे. सकाळी ती मुलाला "बाळा" म्हणे, दुपारी "दादा" म्हणे आणि ऊन कलले की त्याच्याकडे टक लावून विचारी, "आपण कोण? कुठून आलात?" मग उठून ती गुहेच्या तोंडाशी जाई. "मला माहेरी जायचंय. दादा वाट बघत असेल." तिचे माहेर नदीपलीकडे होते आणि दादाला जाऊन कितीतरी पावसाळे लोटले होते. "आई, हेच तुझं घर," कोल्हा सांगे. "हे माझं घर नाही. मला जाऊ द्या," ती म्हणे. एकदा तर ती नदीच्या धारेत पोटापर्यंत शिरलेली त्याला सापडली. तेव्हापासून संध्याकाळ झाली की तो गुहेच्या तोंडाशी आडवा पडून राही. खायला आणायला गेलाच, तर दाराला काटेरी फांदी लावून जाई. परत आल्यावर आईच्या नाकावर ओरखडे दिसले की त्याला स्वतःचाच राग येई आणि रडूही येई.

झोप अशी त्याला उरली नव्हती. शेवटी त्याने ठरवले, की आता कुणाची तरी मदत घ्यायची. त्यात काय अवघड आहे? आजवर आपण कुणालाही बोलण्यात गुंडाळले आहे. पण इथेच त्याचा पहिला गोंधळ झाला. त्याने जन्मात कधी सरळ काही मागितले नव्हते, आणि आपल्याला नेमके काय हवे आहे हे त्याचे त्यालाच ठाऊक नव्हते.

तो आधी अस्वलाकडे गेला. "अस्वलदादा, तुमच्यासारखा भारदस्त पहारेकरी या रानात दुसरा नाही. तुम्ही एखाद्या दाराशी नुसते बसलात, तर आतलं कुणी बाहेर पडणार नाही!" संध्याकाळी येऊन आमच्या दाराशी बसा, असे त्याला म्हणायचे होते. अस्वलाने आपल्या मधाच्या झाडाकडे पाहिले, मग कोल्ह्याकडे पाहिले. मला इथून हलवून हा मध पळवणार, हे त्याने ओळखले. म्हणजे त्याला तसे वाटले. त्याने पोळ्याचा एक तुकडा मोडून कोल्ह्यापुढे टाकला. "हा घे आणि नीघ. आणि हो, काही लागलं तर सांग." कोल्हा पोळे घेऊन घरी आला. आईने मध खाल्ला, अंगाला फासला, आणि रात्रभर तो तिच्या अंगावरच्या मुंग्या वेचत बसला. मदत मिळाली खरी, पण काम वाढले कसे, हे त्याला कळेना.

मग तो वानरांकडे गेला. "तुमच्या टोळीतल्या म्हाताऱ्या किती भाग्यवान! त्यांना दिवसभर सोबत असते!" एवढे बोलून तो आशेने वर बघत राहिला. त्याच्या आईचे भ्रमिष्टपण झाडावरून रोज बघणाऱ्या वानरांना मात्र वाटले, हा औषध विचारायला आला आहे. "आईला आवळा दे," एक वानर म्हणाले. "आवळा मुळीच देऊ नकोस, हिरडा दे," दुसरे म्हणाले. "काही देऊ नकोस, बांधून ठेव," तिसऱ्याने सांगितले. "बांधू नकोस, फिरवून आण," असे चौथ्याने सुचवले, आणि मग त्या चौघांचीच जुंपली. खाली कोल्हा उभा आहे हे त्यांच्या लक्षातही राहिले नाही. एक म्हातारे वानर तेवढे म्हणाले, "असल्या गोष्टींसाठी सिंहाच्या दरबारात जावं."

दरबाराच्या दाराशी एक गवा उभा होता. त्याने विचारले, "तक्रार कुणाविरुद्ध?"

"कुणाविरुद्धच नाही."

"मग तक्रार कसली? बरं, आजारी कोण आहे? तू?"

"नाही, आई."

"मग तिला घेऊन ये."

"तिला घेऊन निघालो की ती माहेरच्या वाटेला लागते."

"तक्रार नाही, तुला आजार नाही, आजारी आई बरोबर नाही," गवा म्हणाला. "मग तू आलास कशाला?"

खरेच, आपण आलो कशाला? कुणालाही शब्दांत पकडणाऱ्या त्या कोल्ह्याला एक शब्द सापडेना. "सहज," तो म्हणाला आणि परत फिरला.

घरी आला तेव्हा ऊन कलले होते. आई अंगाची मुटकुळी करून पडली होती. कोल्हा दाराशी टेकला. डोळे फक्त एकदाच मिटायचे आणि लगेच उघडायचे, असे त्याने ठरवले होते. भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा म्हणतात, ते खोटे नाही. खाली खडे टोचत होते तरी त्याला गाढ झोप लागली, आणि काटेरी फांदी लावायची राहून गेली. म्हातारी उठली, दारात आडव्या पडलेल्या कोल्ह्याला अलगद ओलांडून बाहेर पडली आणि नदीच्या दिशेने माहेरी निघाली.

नदीच्या अलीकडे करवंदीची एक दाट जाळी होती. तिच्यात ससा, सशीण आणि त्यांची पिल्ले राहत. म्हातारीला जाळी ओळखीची वाटली असावी. ती काटे सारत थेट आत शिरली. "वहिनी, आले गं मी!" सशीण जागच्या जागी थिजली. घरात कोल्हीण शिरली तर सशाने काय करावे, याची एकच रीत तिला ठाऊक होती आणि ती म्हणजे पळणे. पण पिल्ले आत होती. "दादा कुठाय?" म्हातारीने विचारले. ही हल्ला करायला आली आहे की पाहुणी आली आहे, सशिणीला काही समजेना. ती कशीबशी म्हणाली, "येतील... येतीलच आता." "मग बसते," म्हातारी म्हणाली आणि पाय पोटाशी घेऊन बसली. पिल्लांकडे बघून ती हसली. "केवढी झाली गं पोरं!" कित्येक दिवसांत ती इतकी निवांत बसली नव्हती.

इकडे कोल्ह्याला जाग आली. गुहा रिकामी होती. तो धावत नदीवर गेला. पाण्यात कुणी दिसेना. "आई! आई गं!" तो इतक्या मोठ्याने ओरडू लागला, की आता हा कोणता नवा डाव म्हणून अस्वल, वानरे सगळी जमली. ओरडत ओरडत तो जाळीपाशी आला, आणि आतून आईचा आवाज ऐकून मटकन खाली बसला.

आरडाओरडा ऐकून परतलेला ससा पुढे झाला. तो जाळीच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. "आधी आईला आत पाठवलंस, आणि आता स्वतः आलास! आमची पोरं खायला हे नाटक?" अस्वलाने पंजा उगारला. कोल्ह्याने सवयीने कौतुकाचे दोन शब्द शोधले. एकही सापडला नाही. त्याने मान खाली घातली.

"नाटक नाही, ससेभाऊ. मी दमलोय. आई मला ओळखत नाही, आणि तिला सोडून मला कुठे जाता येत नाही. संध्याकाळी कुणीतरी तिच्यापाशी बसा, मला थोडी झोप हवी आहे. एवढंच मागायचं होतं. पण ते मलाच नीट कळलं नव्हतं, तर तुम्हाला कुठून कळणार?"

आणि बोलता बोलता तो तिथेच, सशाच्या दारात, आडवा होऊन झोपला.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. "सोंग आहे," वानर म्हणाले आणि त्याने काडीने कोल्ह्याच्या कानाला गुदगुल्या केल्या. कोल्हा घोरतच राहिला. "सोंग घेणारा घोरेल," सशीण जाळीतून म्हणाली, "पण त्याची अशी लाळ गळणार नाही." आता काय करावे? याला हाकलावे, की असाच पडू द्यावा? आजवर या कोल्ह्याने प्रत्येकाला फसवले होते, आणि आता तो गळा उघडा टाकून त्यांच्या मधोमध झोपला होता. अस्वलाने उगारलेला पंजा खाली घेतला, पुन्हा उचलला आणि शेवटी पाठीमागे लपवला.

तेवढ्यात म्हातारी जाळीतून बाहेर आली. झोपलेल्या कोल्ह्याकडे तिने वाकून पाहिले. तिने त्याला ओळखले नाही. पण तिच्या कपाळावर आठी पडली.

"कुणाचा गं हा पोर?" तिने विचारले. "किती दमलाय! याचं कुणी नाही का?"

अस्वल उगाचच जमीन हुंगू लागले. मग सशीण पुढे आली.

"आहोत ना," ती म्हणाली. "आम्ही आहोत त्याचे."

आणि मग एकच गलका झाला. उद्या संध्याकाळी मी बसतो, असे अस्वल म्हणाले. तू घाबरवशील तिला, आम्ही बसतो, असे वानरे ओरडली. तिला इथेच माझ्याकडे आणून बसवा, तिचं माहेर सापडलंय तिला, असे सशीण सांगू लागली. कुणाचे कुणाला ऐकू येईना.

म्हातारीने त्या सगळ्यांकडे रागाने पाहिले.

"हळू बोला रे," ती म्हणाली. "पोर आत्ताच झोपलंय."

तात्पर्य : जो घरच्या आजाऱ्यापाशी रोज बसतो, त्याच्यापाशीही कुणीतरी बसावे लागते. त्याने ते आडवळण न घेता मागावे. आणि इतरांनी 'काही लागलं तर सांग' एवढे म्हणून न थांबता त्याची एक संध्याकाळ आपल्या अंगावर घ्यावी.