ठमाबाईनं टोपली खाली उतरवली

ठमाबाईचं कुणीही खरं मानलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आज करंजखोपात ज्याला विचारावं तो म्हणतो, आमच्या पणजीनं तिचं ऐकलं होतं. काही ऐकलं नव्हतं. सगळ्यांच्या पणज्या तोंडाला पदर लावून तिला हसल्या होत्या.

फार वर्षं झाली. गावात कोंबडीहून मोठं धन नव्हतं, तेव्हाची गोष्ट. ठमाबाई गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं. आवाज असा की अडलेलं मूल घाबरून आपणहून बाहेर यायचं, असं म्हणतात.

त्या काळी गावात एक रीत होती. तलंग म्हणजे नुकती अंड्यावर येणारी तरणी कोंबडी. तिचं पहिलं अंडं गावदेवीला वाहायचं. देवीचं अंडं जमिनीला लागू द्यायचं नाही, म्हणून अंड्यांची टोपली खुराड्यात अगदी वर, आढ्याला टांगायची. कोंबड्या बसायची दांडीसुद्धा तिच्या खाली.

त्या वर्षी तानूच्या तलंगा अंड्यावर आल्या. तानू नवी सून, पोटुशी. तलंगा तिनं माहेराहून आणलेल्या. पहिलं अंडं देवीपुढं ठेवलं, तर ते शिटेनं माखलेलं आणि वर रक्ताची रेघ. दुसरं आणलं, तेही तसंच. मग एक अंडं नदीत चोळून धुतलं आणि देवीसाठी ठेवलं, तर ते नासलं. असा वास सुटला की देवीनं मान फिरवली, असं म्हणतात.

रावबा भगत म्हणाला, "हिच्या हातात करणी आहे. तलंगा कापा आणि हिला माहेरी धाडा."

तानूचा नवरा खाली मान घालून उभा राहिला. सासू गाठोडं बांधायला लागली. तेवढ्यात ठमाबाई आली.

"करणी कसली रे मेल्या? तलंग पहिलटकरीण आहे. पहिल्या खेपेला रक्ताची रेघ येते. तू जन्मलास तेव्हा तुझ्या आईला काय गुदगुल्या झाल्या होत्या?"

बाया हसल्या. रावबा तापला. "रक्ताचं असू दे. घाणीचं काय?"

"टोपली वर टांगलीत म्हणून घाण. कोंबडी उंच जागा बघून झोपते. सगळ्यांत उंच तुमची टोपली, मग त्या तिच्यातच झोपतात, रात्रभर तिच्यातच हगतात आणि सकाळी तिच्यातच अंडं घालतात. पेंढा तरी कधी बदललात का? आणि वरून अंडी धुता! ओल्या अंड्यात घाण आत मुरते, म्हणून नासतं."

"ही देवीची रीत आहे, ठमे. कोंबड्यांची झोप तू आम्हाला शिकवू नको."

ठमाबाई सरळ खुराड्यात शिरली. विळ्यानं दोरी कापली. टोपली खाली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली, कोरडा पेंढा घातला. एकेक तलंग मांडीवर घेऊन तिची मागची घाण भरलेली पिसं कोमट पाण्यानं पुसली. दांडी उंच बांधली. बाया तोंडाला पदर लावून तिला हसल्या.

दिवेलागणीला सारा गाव खुराड्यापाशी जमला, देवी हिचं काय करते ते बघायला. तलंगा टोपलीकडं निघाल्या. ठमाबाई ओरडली, "वर चढा गं, बयांनो!"

सगळ्या तलंगा फडफडून दांडीवर. तिचा आवाज गावभर गेला, तशा गावभरच्या कोंबड्या मिळेल त्या उंच जागी चढल्या. पत्र्यावर, आंब्यावर, देवळाच्या कळसावर. रावबा ताडमाड उंच. एक कोंबडी त्याच्या पागोट्यावर जाऊन बसली आणि तिथंच शिटली, असं म्हणतात.

सकाळी टोपलीत अंडं होतं. रेघ होती, पण घाण नव्हती. पुढं रेघही फिकी होत होत गेली. मग अशी अंडी आली की उन्हात ठेवली तर डोळे दिपायचे. ठमाबाईनं एक अंडं देवीपुढं उघड्या जमिनीवर ठेवलं. देवीनं मान सरळ केली. सासूनं गाठोडं सोडलं, आणि तानू तिच्याच घरात बाळंत झाली, ठमाबाईच्या हातावर.

आता गावाला प्रश्न पडला, मग टोपली टांगली कुणी? रावबा म्हणे बापानं सांगितलं, बाप म्हणे आज्यानं. शेवटी रावबाच्या म्हाताऱ्या आईला, आवडाईला विचारलं. तिला तर हसूच आवरेना.

"अरे, कसली देवी! माझ्या सासऱ्याचं कुत्रं अंडी खायचं, म्हणून त्यांनी टोपली वर टांगली. कुत्रं मेलं, टोपली राहिली. देवीचं नाव तुम्ही मागनं चिकटवलंत."

करंजखोपात आजही तलंग अंड्यावर आली की घरची सून ठमाबाईचं नाव घेऊन टोपली जमिनीवर ठेवते, पेंढा बदलते, दांडी उंच बांधते. मळकं अंडं कोरड्या फडक्यानं पुसतात, धूत नाहीत. रक्ताची रेघ दिसली तर "पहिलटकरीण आहे" म्हणतात आणि कोंबडीला त्रास देत नाहीत. घाण दिसली तरी सुनेकडं कुणी बोट दाखवत नाही. सगळं घर मिळून त्या कुत्र्याच्या नावानं खडे फोडतं, आणि त्या कुत्र्याचं नाव होतं डाग्या.