मठाच्या संडासातली गुडगुड

"पण बुवा, काही तुंबलेलंच नाही, तर पाणी खाली जात का नाही?"

विश्वंभर रडकुंडीला आला होता. गोविंदबुवांच्या मठातला तो सगळ्यात जुना शिष्य, आणि सगळ्यात हुशारही. हे दुसरं तो स्वतःच सांगत असे.

उत्सव परवावर आला होता. त्या दिवशी बुवांच्या गादीवर बसून पहिलं प्रवचन करायचं, असं त्याच्या फार मनात होतं. बुवांनी मोडता घातला नव्हता. एवढंच म्हणाले होते, "आधी संडास चालू कर. म्हातारी माणसं येतात. मग खुशाल बस."

ब्रह्म आणि माया यांच्यावर घड्याळाकडे न बघता बोलणाऱ्या माणसाला संडास तो काय? पण आता त्याच्या हातात रबरी पंप होता, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं आणि आतून गुडगुड ऐकू येत होती.

बुवा अंगणात पपईची पिवळी पानं काढत होते.

"काय काय केलंस?"

"पंप मारला. बांबूची कामटी घातली. ॲसिड ओतलं."

"मग?"

"वाटलं, पाण्यातल्या क्षाराने पाइप आतून चोंदला असेल. तसं नाही. मग वाटलं, गवंड्याने उतारच दिला नसेल. उतार चोख आहे. शेवटी म्हटलं, गोदाक्का चहाचा चोथा ओतत असतील."

"चोथा मी गुलाबाला घालते रे!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोदाक्का कडाडल्या. मठाचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता आणि कानही त्यांचे तिखट होते. "संडासात कोण ओतील, मेल्या?"

बुवा हसले नाहीत.

"मैल्याची टाकी भरली असेल."

"उघडून पाहिली. अर्धीसुद्धा नाही. आणि गंमत म्हणजे, झाकण उघडं होतं तोवर पाणी झरझर गेलं. झाकण लावून येतो, तर पुन्हा गुडगुड... आणि पाणी वर."

बुवांचा हात थांबला.

"हे कधीपासून?"

"पाडव्यापासून."

"पाडव्याला काय केलंस तू?"

"मी? काही नाही. झेंडा लावला."

एवढ्या हलाखीतही त्याची छाती फुगली. गच्चीवरचा तो झेंडा थेट एसटी स्टँडवरून दिसायचा. येणारा-जाणारा विचारायचा, कुणी लावला हो? गवंड्यांनी भिंतीला एक बिनकामाचा पाइप उभा करून ठेवला होता. झेंड्याची काठी त्यात चपखल बसली. वाऱ्याने हलू नये म्हणून विश्वंभरने भोवती स्वतःच्या हातांनी सिमेंट भरलं होतं, अगदी फट राहू न देता.

बुवांनी पपईच्या पानाचा देठ घेतला. पोकळ, लांबलचक. दोन्ही टोकं कापली. देठ बादलीत बुडवला, वरच्या तोंडावर अंगठा दाबला आणि बाहेर काढला.

खालचं तोंड उघडं होतं. पण पाणी पडेना.

विश्वंभर बघत राहिला.

बुवांनी अंगठा उचलला. पाणी भसकन त्याच्या पायावर पडलं.

मग तोच ओला अंगठा बुवांनी गच्चीच्या दिशेने वर केला.

विश्वंभरने अंगठ्याकडे पाहिलं. मग गच्चीकडे. झेंडा ऐटीत फडफडत होता.

"तो... टाकीच्या हवेचा पाइप आहे?"

बुवांनी मान डोलावली.

"म्हणजे मीच..."

बुवा दुसरं पिवळं पान काढू लागले.

विश्वंभर शिडी लावून वर चढला. स्वतःच भरलेलं सिमेंट छिन्नीने फोडताना त्याच्या नाकी नऊ आले. काम पक्कं केलं होतं ना! शेवटी दोन्ही हातांनी काठी उपटली, तशी पाइपातून अशी हवा आली की तो नाक धरून मागे बसला. त्याच क्षणी खाली मोठा घोट घेतल्यासारखा आवाज झाला.

"गेलं!" गोदाक्का अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा ओरडल्या. "बुवा, सगळं गेलं हो!"

विश्वंभर खाली उतरला तो झेंडा काखेत मारून. त्याला भयंकर लाज वाटत होती. पण गादी काही त्याच्या मनातून गेली नव्हती.

"बुवा, संडास चालू झाला."

"झाला."

"मग परवा गादीवर..."

"बस की. शब्द दिलाय मी."

विश्वंभरचा जीव भांड्यात पडला.

"विषय काय घेऊ? मायेचं आवरण घेऊ?"

"संडासाचा घे. कसा अडला, कुणी अडवला, कसा मोकळा झाला. संडास सगळ्यांच्याच घरी आहेत. समजेल लोकांना."

"बुवा! एवढ्या लोकांसमोर झेंड्याचं सांगू? माझी काय शोभा राहील?"

बुवांनी भिंतीला टेकलेल्या शिडीकडे पाहिलं.

"शिडी काढू नकोस," ते म्हणाले. "परत वर जाऊन बघ. अजून काहीतरी अडकलंय."