विश्रामरावांच्या जीपचे दात

आजऱ्याच्या विश्रामरावांच्या जीपचा ट्रान्सफर गिअरबॉक्स, म्हणजे चारही चाकांना जोर पोचवणारी पेटी, झिजून खिळखिळा झाला होता. मैनुद्दीन मिस्त्रींनी तो खोलताच विश्रामराव ड्रायव्हरवर गरजले, "धर्मा, तूच याची वाट लावलीस. उद्यापासून कामावर येऊ नकोस."

धर्माचा चेहरा उतरला. मिस्त्रींनी जुना गिअर उजेडात धरला.

"अण्णा, दात कसे एकसारखे झिजलेत बघा. एवढे घाट चढून एकही तुटला नाही. गाडी पट्टीच्या हातातली दिसते."

विश्रामराव खुलले. "माझ्याच. धर्माला मी स्टिअरिंगला हात लावू देतो होय? तो ड्रायव्हर नावालाच, नुसती गाडी धुतो."

"मग राहू द्या की त्याला," नवा गिअर बसवत मिस्त्री म्हणाले. "धुण्यानं दात झिजत नाहीत, अण्णा."