पाणसईचा आडवा क्रूस

चपला इथंच काढा. हो, बांधाच्या या टोकाशीच. चिखल लागेल म्हणून घाबरू नका, पलीकडे पाय धुवायला पाणी आहे.

तुम्ही आमच्या किनाऱ्यावर पुष्कळ क्रूस पाहिले असतील. विहिरीपाशी, वाडीच्या तोंडाशी, तीन रस्ते मिळतात तिथं. ते सगळे उभे. पाणसईचा हा एकच क्रूस असा आहे की तो आडवा पडलेला आहे, बांधाच्या मातीत अर्धा रुतलेला, आणि गावाला देवळात जायचं तर त्याच्यावरून चालत जावं लागतं. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. ते पाहा, पलीकडच्या टेकाडावर, नारळींच्या मागे. मध्ये ही खाडी, आणि खाडीवरून जायला हा बांध.

मागे बांध सिमेंटचा करायला माणसं आली होती. त्यांच्यातला एक भला माणूस म्हणाला, एवढा जुना सागवानी क्रूस पायाखाली, बरं दिसत नाही, चांगला चौथरा बांधून उभा करून देतो. आमच्या म्हाताऱ्या बायका त्याच्या अंगावरच गेल्या. बाकी बांध सिमेंटचा झाला, पण एवढा तुकडा मातीचाच राहिला. का, ते सांगतो. माझ्या आज्यानं मला सांगितलं तसं सांगतो. पदरचं काही घालत नाही.

फार पूर्वी या बांधाचा राखणदार जुजे नावाचा माणूस होता असे सांगतात. टेकाडाच्या पायथ्याशी, देवळाच्या वाडीत त्याचं खोपट. बायको आंतोनी आणि एकुलता मुलगा पास्कू. खेकड्यांची बिळं बुजवायची, भरतीला बांधावर फेरी मारायची, संध्याकाळी देवळाची घंटा वाजवायची, हे त्याचं काम. बांध त्याच्या वडिलांनी घातलेला, आणि गावानं खावं म्हणून घातलेला. बांध होता म्हणून खारं पाणी बाहेर होतं, आणि पाणी बाहेर होतं म्हणून आत भात होता, केळी होती. गाव सुखात होतं, आणि सुखात असलेल्या माणसाला सुख कुणामुळे आहे ते आठवत नाही. आम्हीही तसलेच.

एका वर्षी पुनवेचं उधाण असं आलं म्हणे, की पाणी बांधाच्या माथ्याला लागलं. भर दुपार होती. उधाणाची भरती इकडे दुपारचीच येते. सगळं गाव बांधावर जमलं. जुजे म्हणाला, "घाबरू नका. चिखल टाकत राहा. बांध धरेल." पण गावाच्या मनात दुसरंच आलं. बांध पलीकडच्या टोकाला फोडला तर पाणी देवळाच्या सखल वाडीत शिरेल, आणि आपल्या बाजूचा जोर उतरेल. आपली केळी वाचतील. जुजेचं खोपट तिथं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आंतोनी तापानं अंथरुणाला खिळली होती, हेही ठाऊक होतं. तिला उचलून आणू आणि मग फोडू, असं कोणीतरी म्हणालं. पण पाणी वर चढत होतं, आणि म्हणणारा म्हणतच राहिला.

पहिली कुदळ घातली इनासनं. तरणाताठा गडी, नवी केळी लावलेली. बाप्तिस्म्याच्या वेळी याच इनासला आंतोनीनं हातावर धरलं होतं, ती त्याची धर्मआई. पहिली त्याची, मग सगळ्यांच्या कुदळी. जुजे आणि पास्कू या टोकाला चिखल टाकत होते. त्यांना आरडाओरडा ऐकू आला तेव्हा वाडीत पाणी शिरलं होतं. दोघं फुटल्या बांधावरून उडी टाकून पलीकडे पोहोचले, पण खोपट गेलं होतं. आंतोनी गेली होती.

त्या वर्षी केळी वाचली. फुटका बांध मात्र दर भरतीला आणखी फुटत गेला. अशा भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. मागे गाळ भरत आणि पुढचा बांध खात ती सरकत सरकत गावाच्या टोकाशी आली, आणि एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला देऊळ, असं होऊन बसलं.

तुमच्यासारखे शहाणे लोक इथं नेहमी विचारतात, होडीनं का नाही गेले? होड्या होत्या की! पाण्याची अडचण कधीच नव्हती. जुजेला तोंड दाखवायची अडचण होती. आणि ज्याच्या देवळाच्या दारात बाई मेली, त्या देवाला कुठलं तोंड दाखवणार? लग्नं, बाप्तिस्मे शेजारच्या गावी उरकायला लागले. टेकाडाकडे पाठ करून घरं बांधायला लागले. जुनी घरं अजून आहेत, बघा हवं तर, एकाचंही दार खाडीकडे नाही.

पण घंटेला पाठ करता येत नाही. जुजे आणि पास्कू देवळाच्या ओसरीवर राहायला गेले होते, आणि रोज संध्याकाळी घंटा वाजायची. पूर्वी वाजायची तशीच. गावात लोक चूल सोडून आत जाऊन बसायचे. इनासची बायको कतरीन एकदा म्हणाली, "बोलावतायत आपल्याला."

"बोलावतायत? शिव्याशाप देतायत," इनास म्हणाला, आणि जेवता जेवता ताटावरून उठला.

इनासनं मनाशी एकच धरलं होतं. आधी खांड बुजवीन, बांध होता तसा करून देईन, मग जाऊन जुजेचे पाय धरीन. रिकाम्या हातानं जायचं नाही. दरवर्षी ओहोटी बघून तो चिखल टाकायचा, दगड टाकायचा, हळूहळू सगळं गाव त्याच्या जोडीला आलं. आणि दरवर्षी खांड थोडी अरुंद झाली की पाण्याला जोर चढायचा आणि उधाण सगळं धुऊन न्यायचं. बांधावर वाढलेल्या पोरालाही कळतं की खांड एका बाजूनं बुजत नाही. दोन्हीकडून माती पुढं आणावी लागते. त्या बाजूनं कोणीतरी यायला हवं होतं. आणि त्या बाजूला होता जुजे. त्याला कोणत्या तोंडानं हाक मारणार? म्हणून सगळं कळत असूनही गाव एकाच बाजूनं माती टाकत राहिलं. माझा आजा इथं थांबायचा आणि म्हणायचा, हसू नका, माणसाची जात अशीच आहे.

मग एक गुड फ्रायडे आला. हा दिवस नेहमी पुनवेच्या आसपास येतो, म्हणजे उधाणाचाच. पहाटेच्या ओहोटीला इनास खांडीत उतरला. त्याचे केस पिकले होते, छाती भरून यायची, आणि हे आपलं शेवटचं वर्ष असं त्याला वाटत होतं. त्या दिवशी तो वेड्यासारखा माती टाकत होता. कतरीन काठावरून हाका मारत होती. भरती लागली, पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, तरी तो वर येईना. सकाळभर टाकलेली माती त्याच्या डोळ्यांदेखत विरघळायला लागली, आणि तो त्या चिखलाला मिठी मारून ढसाढसा रडायला लागला असे सांगतात.

हे सगळं टेकाडावरून दोघंजण बघत होते.

देवळापुढं तेव्हा एक मोठा क्रूस उभा होता, एकसंध सागाचा. पास्कू बापाकडे वळून म्हणाला, "बाबा, क्रूस काढू?" जुजेनं भरतीकडे बघितलं, खांडीतल्या इनासकडे बघितलं. मग म्हणाला, "काढ."

पास्कूनं क्रूस मुळापासून उपटला आणि खांद्यावर घेऊन एकटा उतार उतरला. गावातल्या लोकांनी बघितलं. त्यांना वाटलं, आला, आता हिशेब करायला आला. कोणी पळायला लागले. पण पास्कूनं क्रूसाचा बुंधा आपल्या बाजूच्या दगडांत रोवला आणि तो खांडीवर आडवा टाकला. क्रूस थोडा कमी पडला. त्याचं टोक इकडच्या काठाला टेकेना. तेव्हा पास्कू पाण्यात उतरला, क्रूसाच्या खाली आला, त्याचं शेंड्याकडचं टोक आपल्या खांद्यावर घेतलं आणि इकडच्या काठाला पाठ लावून उभा राहिला. क्रूस पोचला.

"ये, इनासकाका," तो म्हणाला.

इनास काठावर चढला होता. तो तिथंच अडला. क्रूसावर पाय? आमच्यात पडलेला क्रूस दिसला तर उचलून कपाळाला लावतात. आणि तो पायही कोणाचा, ज्याच्या कुदळीनं याची आई नेली त्याचा! तो म्हणाला, "पोरा, तू वर ये. मी खाली उभा राहतो. माझीच जागा आहे ती."

"तू इथं उभा राहिलास तर पलीकडे जाणार कोण? बाबा वाट बघतोय. ठेव पाय."

"माझे पाय चिखलाचे आहेत रे."

"बघतोय मी. ठेव."

इनासनं पास्कूच्या खांद्यावर पाय ठेवला, मग क्रूसावर. लाकूड हललं नाही म्हणे, पाण्यावर आहे असं वाटेना, जमिनीवर आहे असं वाटत होतं. त्याच्या मागून कतरीन, आणि मग बाकीचे, म्हातारेकोतारे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. पाणी पास्कूच्या छातीशी आलं, गळ्याशी आलं. तो प्रत्येकाला नावानं हाक मारत होता.

पलीकडे पोचल्यावर इनास जुजेच्या पायांवर पडला. इतकी वर्षं घोकून ठेवलेलं बोलायला लागला, "जुजेबाबा, तुझी आंतोनी मी..." जुजेनं त्याला पुरं बोलू दिलं नाही. उठवलं, त्याचे पाय धुतले आणि हाताला धरून देवळात नेलं.

तेव्हा देवळात बाकं नव्हती, प्रत्येक घराची आपली चटई असायची. इनास दारातच थांबला. सगळ्या चटया घातलेल्या होत्या. एकीवरही धूळ नव्हती. जुजे रोज झाडायचा, रोज घालायचा आणि मग घंटा वाजवायचा. इनासची चटई त्याच्या नेहमीच्या जागी, खिडकीपाशी होती. तेव्हा त्याला कळलं ती घंटा कशाची होती. त्याच्यानं बसवेना, उभं राहवेना.

तेवढ्यात बाहेर हाक उठली. शेवटची म्हातारी काठाला लागली आणि लोकांनी मागे वळून पाहिलं, तर क्रूसाखाली कोणी नव्हतं. पाणी वरून चाललं होतं. क्रूस मात्र होता तिथंच.

इनास ओरडला, "तुला ठाऊक होतं?"

"जन्मभर भरती राखलीय मी," जुजे म्हणाला. "ठाऊक कसं नसेल?"

"मग पाठवलास कसा?"

"त्या काठापर्यंत इकडून दुसरं कोण जाणार होतं?" जुजे म्हणाला, आणि मग तो रडला. तोवर रडला नव्हता.

शनिवारी ओहोटीला गाव दोन भागांत उभं राहिलं. अर्धे इकडून, अर्धे तिकडून. क्रूस हलवायला कोणी धजेना, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांनी माती चढवली. पाण्यानं या वेळी हात लावला नाही असे सांगतात. रविवारी पहाटे दोन्हीकडची माती मिळाली. पास्कू सापडला नव्हता. सगळं गाव इथं होतं, बांधावर, तान्ह्या पोरांसकट. जुजे इनासच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. टेकाडावर चिटपाखरू नव्हतं.

आणि घंटा वाजली.

लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले, कोण कमी आहे ते बघायला. कोणी कमी नव्हतं. घंटा वाजतच होती. जुजे या वयात धावला. सगळ्यांच्या पुढे धावला. देवळात कोणी नव्हतं. घंटेची दोरी हलत होती. इनासनं ती धरली तर ती चिंब ओली होती. त्यानं ओला हात ओठांना लावला. पाणी खारं होतं.

एवढंच सांगतात. पुढं विचारू नका, आज्यानंही सांगितलं नाही.

आजही आम्ही ईस्टरच्या पहाटे देऊळ रिकामं ठेवतो आणि लेकराबाळांसकट बांधावर येऊन उभे राहतो. आजही गुड फ्रायडेला सगळं गाव अनवाणी या क्रूसावरून जातं, आणि ज्याचं कोणाशी फाटलेलं असेल त्याला सगळ्यांच्या पुढे जायचा मान असतो. त्या दिवशी कोणी कोणाला कारण विचारत नाही. या टोकाशी लाकडात खळगा पडलाय तो बघा. पावलांनी झिजून पडला असं शिकलेले लोक म्हणतात. आम्ही त्याला पास्कूचा खांदा म्हणतो.

तुम्हीही थबकलात ना? सगळेच थबकतात. क्रूसावर पाय कसा ठेवायचा, आणि तोही आपला. ठेवा. त्यासाठीच तो आडवा आहे. पलीकडे चटई घातलेली आहे.